माझ्या तुकड्यावर त्याचं नाव, चार वेळा

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५, मढ

ही वही लाईनची. आप्पा रोज लिहायचे: केबल कुठं तुटली, कुणी जोडली, किती वाजता चालू झाली. मी ती पुढं चालू ठेवली, पण तिच्यात घरचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते आज मोडते. काल भाऊबीज झाली आणि मी पिंपळवंडीला गेले नाही. हे कुठंतरी ओकल्याशिवाय माझं डोकं थाऱ्यावर यायचं नाही.

का जावं मी? चैत्रात आप्पा गेले. ऑगस्टमध्ये जुन्नरच्या कचेरीत मी हक्कसोड केला. नऊ एकर ऊस भावाला, भरतला, आणि आप्पांच्या इंटरनेटच्या धंद्यातली घाटाकडची बाजू मला: ओतूरपासून मढपर्यंत साडेआठशे घरं. पिंपळवंडीपासून खाली मंचर-पारगावपर्यंत त्याचं. इंटरनेटवरचे पत्तेसुद्धा बांध घालून वाटले. आप्पांच्या नावावर पाचशे बारा होते, त्यातले निम्मे त्याचे, निम्मे माझे. प्रत्येकाचा एक तुकडा आणि प्रत्येकाचा एक नंबर, जगाला ओळख पटावी म्हणून. त्याची लाईन पुण्याहून येते, माझी कल्याणहून माळशेज चढून. सह्या झाल्या, पेढे वाटले. आणि त्याच कचेरीच्या पायरीवर उभा राहून हा माणूस हौशीरामचुलत्यांना म्हणतो, "संक्रांतीपर्यंत हिनं लाईन चालवून दाखवली तर मिशी उतरवतो." मी पाठीमागंच होते. मी आहे हे त्याला माहीत होतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. भरत काल दिवसभर वाट बघत होता म्हणे, जेवायला तीन वाजवले. वाट बघत होता तर फोन करायला काय झालं होतं, बोटं झडली होती का? आईला हे बोलले नाही. आईला भरतबद्दल काही बोलायची सोयच नाही.

संक्रांतीपर्यंत लाईन चालणार. त्याच्या नाकावर टिच्चून चालणार.

रविवार, ९ नोव्हेंबर

जुबेरभाई आले होते. हे जुन्नरचे, आप्पांबरोबर अठरा वर्षं केबल जोडली, वाटणीत माझ्याकडे आले. त्यांनी सांगितलं की शुक्रवारी घाटात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं आपली केबल उपटली. अकरा ते तीन कल्याणची लाईन ठार बंद होती. मी त्या दिवशी जुन्नरला बँकेत होते, मला पत्ताच नाही.

आणि खरी गंमत पुढं आहे. चार तासांत एकाही गिऱ्हाइकाचा फोन नाही. एकाचाही नाही. म्हणजे कल्याणच्या कंपनीनं मागून दुसरी वाट ठेवलेली असणार. याला म्हणतात व्यवस्था. मीच ती कंपनी निवडली. भरत तेव्हा म्हणाला होता, घाटातली लाईन म्हणजे आंधळ्याची काठी, मोडली की खेळ खलास. आता बघ म्हणावं काठी.

जुबेरभाई काहीतरी बोलायला लागले, मग गाडीची चावी शोधायला लागले. चावी हातातच होती. मी त्यांना सांगून ठेवलं की ओतूरच्या डब्यात पिंपळवंडीकडं जाणारी आप्पांच्या वेळची जुनी जोडणी आहे, ती काढून टाका. त्या घराशी तारेचाही संबंध नको. करतो ताई, म्हणाले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आठवडाभर संध्याकाळी सात वाजले की फोन सुरू. व्हिडिओ अडकतोय, मॅच अडकतेय, पोरीचा क्लास अडकतोय. डिंगोऱ्याच्या बयाबाईचा मुलगा मस्कतला असतो. त्याचा चेहरा बोलताना गोठतो म्हणून तिनं मला चार शिव्या घातल्या. मी त्या कल्याणला पोचवल्या. तिथं श्रेया नावाची इंजिनिअर आहे, पंचवीस-सव्विसची असेल. तिला म्हटलं, भरल्या घरात उपाशी ठेवता का आम्हाला? ती गरीब बिचारी म्हणाली की ताई, तुमची लाईन आमच्याकडून संध्याकाळीसुद्धा अर्धी मोकळी आहे. तुमच्याकडं येणारा काही माल, म्हणजे डेटा, आमच्याकडून येतच नाही.

मग कुठून येतो, आभाळातून?

उद्या शोधून सांगते म्हणाली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारपासून तीनदा वही मिटली. तरी लिहिते.

श्रेयानं सकाळी समजावलं. आपल्या गावातून बाहेर जाणारी वाट आपण ठरवतो. बाहेरून आत येणारी वाट बाहेरचे ठरवतात. आपण फक्त दवंडी पिटायची की हे पत्ते आमच्याकडं आहेत, या. ती ऐकून जग आपली वाट धरतं. मग तिनं एक वेबसाईट उघडायला लावली. आपली दवंडी जगात कुठं कशी ऐकू येते ते तिथं दिसतं. माझा तुकडा टाकला. मुंबई, माझा नंबर. चेन्नई, माझा नंबर. सिंगापूर, माझा नंबर. लई बरं वाटलं.

मग पुणे.

पुण्याच्या ओळीत माझ्या तुकड्याच्या आधी भरतचा नंबर. एकदा नाही. चार वेळा. ओळीनं चार वेळा भरत, भरत, भरत, भरत.

माझ्या अंगाची लाही झाली. लग्नात भांड्यावर नाव घालतात ना, कळशीवर, पराती-पातेल्यावर, उद्या भावकीत तंटा झाला तर आमचंच म्हणून दाखवायला? तसं यानं माझ्या तुकड्यावर नाव घातलंय, आणि एकदा घालून समाधान झालं नाही. मी नऊ एकरांवर सही करून उठले, डोळ्यांतून टिपूस काढला नाही, आणि याला माझे दोनशे छप्पन्न पत्तेसुद्धा बघवले नाहीत. दरवर्षी नांगराचं एक तास, एक ओळ, बांधात घालून शेजाऱ्याचं रान कोरणारे असतात, त्यातली ही जात.

श्रेया म्हणत होती, "ताई, चार वेळा लिहिण्याचा अर्थ वेगळा असतो, ते असं..."

"मला अर्थ शिकवू नकोस. मी त्याची बहीण आहे." असं बोलून मी फोन ठेवला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

भरतला लाईन पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला पत्र पाठवलं. माझ्या नावावरच्या पत्त्यांची दवंडी हा इसम माझ्या परवानगीशिवाय पिटतो आहे, ती त्वरित बंद करावी. सोबत वाटणीचे कागद जोडले. 'इसम' हा शब्द मुद्दाम घातला.

आमचे हे शाळेतून आले, पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, आधी एक फोन कर त्याला, विचार तरी. मी म्हटलं, चोराला विचारायचं की बाबा, चोरी केलीस का? यांनी चष्मा परत चढवला आणि वह्या तपासायला घेतल्या. यांचं काही न बोलणं मला कधीकधी बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

झालं काम. पुण्याच्या कंपनीनं भरतची दवंडी अडवली. वेबसाईट उघडून बघितली, पुण्याच्या ओळीतही आता फक्त माझा नंबर, एकदाच, ऐटीत. आणि संध्याकाळी सातला काय झालं? काही नाही. एक फोन नाही. बयाबाईचा मुलगा पाऊण तास बोलला, गोठला नाही. म्हणजे भरतच माझ्या माणसांचा गळा आवळत होता, हे शाबीत झालं.

आईनं फोनवर सांगितलं की भरत दोन दिवस नीट जेवला नाही, कुठलं तरी पत्र आलंय. मी विचारलं, काही बोलला का? तर आई म्हणाली, "न्हाई. नुसता म्हणला, आता तिची ती बघल."

बघेन की. बघतेच आहे.

बुधवार, ३ डिसेंबर

उदापुरात अकरा नवी घरं जोडली. जुबेरभाईंना ओतूरच्या जुन्या जोडणीचं विचारलं. राहिलीच ताई, म्हणाले. या माणसाला कधी काही विसरताना मी पाहिलेलं नाही.

संक्रांतीला बेचाळीस दिवस.

मंगळवार, १६ डिसेंबर

सकाळी नऊ चाळीसला लाईन गेली.

घाटात पुन्हा जेसीबी. मी बिनघोर होते, मागं दुसरी वाट आहे म्हणून. चहा ठेवला. चहा उकळायच्या आत सतरा फोन. डिंगोरे बंद, उदापूर बंद, मढ बंद, ओतूर बंद. श्रेयाला म्हटलं, ती दुसरी वाट चालू करा ना, गेल्या वेळसारखी. ती म्हणाली की आमच्याकडं दुसरी वाट नाही. कधीच नव्हती.

मग गेल्या वेळी काय भूत चालवत होतं लाईन?

दुपारी दवाखान्यातले डॉक्टर स्वतः चालत आले. भागूमामांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टर अशा वेळी छातीचा आलेख काढून पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवतात, दोन मिनिटांचं काम. आज ते पान जाईना. मोबाईलची रेंज आमच्याकडं कशी असते ते सांगायला नको. शेवटी जीपमध्ये घालून ओतूरच्या पुढं नेलं, तिथं रेंज मिळाली, मग औषध. पाऊण तास गेला. वाचले.

संध्याकाळ झाली. घाटात जोडणीवाले पोचलेत, पण केबलचा तुकडा दरीत सरकलाय म्हणतात.

बुधवार, १७ डिसेंबर

अकरा पन्नासला चालू. सव्वीस तास.

लाईन आल्यावर श्रेयाचा फोन आला. म्हणाली, ताई, रागावणार असाल तर रागवा, पण यावेळी फोन ठेवू नका.

नाही ठेवला. तिनं जे सांगितलं ते आप्पांच्या वहीत जसंच्या तसं उतरवते, म्हणजे मला परत परत वाचता येईल.

दवंडीत नंबर जितक्या वेळा लिहावा तितकी वाट लांब दिसते. जग नेहमी जवळची वाट धरतं. म्हणून जो माणूस दुसऱ्याच्या तुकड्यापुढं आपलं नाव चार वेळा लिहितो, तो हक्क सांगत नसतो. तो जगाला सांगत असतो की माझी वाट लांबची आहे, तिच्या वाटेनं जा. तिची बंद पडली तरच माझ्याकडं या.

सात नोव्हेंबरला माझी लाईन चार तास मेली होती. माझी साडेआठशे घरं भरतच्या दारातून, पिंपळवंडीवरून, ओतूरच्या त्या जुन्या जोडणीतून चालू राहिली. मी त्याचं श्रेय स्वतःकडं घेतलं. वर वहीत लिहूनही ठेवलंय, फाडून टाकावंसं वाटतं.

मग संध्याकाळी लाईन का अडकायची? त्याचंही उत्तर तिच्याकडं होतं. चार वेळा लिहिलं तरी पुण्याची कंपनी ऐकत नव्हती. भरत तिचं गिऱ्हाईक. अशा कंपन्या आपल्या गिऱ्हाइकाची वाट कितीही लांब असली तरी आधी धरतात. म्हणून पुण्याकडचा थोडा माल रोज त्याच्या दारातून, त्या जुन्या बारीक जोडणीतून यायचा आणि संध्याकाळी तुंबायचा. हे भरतला माहीत नसणार, ती म्हणाली. कंपनीला ऐकायला लावायचं तर दवंडीला एक चिठ्ठी जोडावी लागते, याला मागं ठेवा म्हणून. ती त्यानं जोडली नाही.

जुबेरभाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मान खाली घालून म्हणाले, भरतभाऊंनी शपथ घातली होती.

मला सगळ्यांचा राग आलाय. जुबेरभाईंचा, मी फोन ठेवल्यावर उलटा न करणाऱ्या त्या पोरीचा, न बोलणाऱ्या यांचा. माझा तर आहेच. पण सगळ्यात जास्त त्याचा. तोंड नव्हतं का त्याला? चार वेळा नंबर लिहायला येतो, एकदा फोन करायला येत नाही? भागूमामांना काही झालं असतं तर मी कुणाच्या नावानं खडे फोडले असते? माझ्याच ना.

शनिवार, २० डिसेंबर

पिंपळवंडीला जाऊन आले.

ओट्यावर बसला होता, मिशी होती तशीच. मला बघून उठला नाही, फक्त सरकला. आईनं पाणी आणलं, दोघांकडं बघितलं आणि आत गेली. मी वाटेत सतरा वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर राहू दिलं असतंस?"

नसतं दिलं. हे त्याला माहीत, मला माहीत, आत कान लावून बसलेल्या आईलाही माहीत. म्हणून मी दुसरीकडून धरलं. म्हटलं, तुझ्या त्या उपकारापायी माझी गिऱ्हाइकं पंधरा दिवस संध्याकाळी रडत होती. पुण्याची कंपनी तुझं ऐकतच नव्हती. चिठ्ठी कुठं होती?

"कसली चिठ्ठी?" त्याचा चेहरा खरंच पडला. मग मी श्रेयाला फोन लावून तो मधे ठेवला आणि त्या पोरीनं आम्हा दोघांना शाळेतल्यासारखं शिकवलं. तो लिहून घेत होता. मधेच म्हणाला, म्हणजे मी एवढा चार-चार वेळा ओरडून सांगत व्हतो आन् तिकडं कुणी ऐकतच न्हवतं? ती म्हणाली, हो. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला. मी हसले नाही. मला अजून राग होता.

"मिशीचं का बोललास कचेरीत?"

त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग अंगणाकडं बघत म्हणाला, "तू कागदावर सही करत व्हतीस. एकदा तरी म्हणशील, दादा, एवढं रान मला ठेव. न्हाई म्हणलीस. मला वाटलं, तुला आमच्याशी कायच ठेवायचं न्हाई."

मी आत जाऊन आईनं भाकरीवर घातलेला ठेचा खाल्ला. तो लई तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं ठेच्याचं नव्हतं.

आता माझी तक्रार असल्यामुळं पुण्याची कंपनी त्याला माझ्या लेखी परवानगीशिवाय माझ्या तुकड्याला हात लावू देणार नाही. म्हणून त्याच ओट्यावर बसून मी माझ्या हातानं लिहून दिलं की माझ्या तुकड्याची दवंडी भरत गेणभाऊ याने पिटावी, त्यास माझी संमती आहे. 'इसम' लिहिलं नाही. यावेळी त्यानं चिठ्ठीही जोडली. पत्रावर सही केली आणि म्हटलं, आता तुझं लिहून दे.

"माझं कशाला? माझी लाईन न्हाई तुटत."

"लिही."

त्यानं लिहून दिलं. ओतूरची बारीक जोडणी बदलून जाड टाकायचं ठरलं. केबल त्याची, जोडायला जुबेरभाई. निघताना आईनं माझ्या पिशवीत भाऊबीजेची साडी घातली. दोन महिने कपाटात होती म्हणे. मी दादाला ओवाळलं नाही. तिथी गेली की गेली. तो म्हणाला, पुढच्या वर्षी ये.

मंगळवार, २३ डिसेंबर

दादाच्या तुकड्यापुढं माझा नंबर चार वेळा लिहिला. पाचव्यांदा लिहावासा वाटला, श्रेया म्हणाली गरज नाही. चिठ्ठी जोडली. वेबसाईटवर बघितलं. सगळीकडं त्याचाच नंबर दिसतो, माझा कुठंच दिसत नाही. ती म्हणाली, असंच पाहिजे.

बुधवार, १४ जानेवारी २०२६, संक्रांत

दुपारी एक दहाला ओतूरच्या जोडणीवरचा आकडा एकदम चढला. आधी वाटलं मशीन बिघडलं. मग लक्षात आलं. दादाचा फोन आला नाही, मीही केला नाही. जुबेरभाईंनी बातमी आणली: पारगावच्या रस्त्यावर कारखान्याला चाललेली उसाची ट्रॉली, वर दोन माणूस उंच ऊस रचलेला, तिनं दादाची केबल खांबासकट ओढून नेली. मंचरपासून वर त्याची सगळी गावं माझ्या दारातून, माळशेजवरून चालली होती. मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसले आणि उठले नाही. तीळ भाजायचे राहिले, ते यांनी भाजले, थोडे करपवले.

तीनच्या सुमारास आईचा व्हिडिओ आला. नवी साडी, नाकात नथ. हातातला तिळगूळ माझ्या तोंडाजवळ म्हणून मोबाईलच्या काचेला लावला. तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, सुरकुतीन् सुरकुती. दादा कुठंय विचारलं तर म्हणाली, दुपारपासून पारगावला गेलाय, कुणाची तरी ट्रॉली कशात अडकली म्हणं, सणाचं जेवायलाबी आला न्हाई. मग माझ्याकडं बघून तिला डिसेंबर आठवला असावा. समजूत घालायच्या सुरात म्हणाली, "तेजू, वाईट वाटून घिऊ नको. पण भरतच्या लायनीला कधी कायच होत न्हाई बघ. त्याचं काम पहिल्यापास्नं भक्कम."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. अगदी टोकावर.

"हो आई," मी म्हटलं, "भक्कमच आहे."

पारगाव रस्ता, उसाची ट्रॉली. तुटली एक दहाला, जोडली चार चाळीसला. गिऱ्हाइकांचे फोन नाहीत.